थोरलीचा हळू आवाज

१

गुरुवारी संध्याकाळी समोरच्या चर्चची थोरली घंटा एक टोला दणक्यात देऊन दुसरा गिळायला लागली, तेव्हा ईश्वरी ज्ञानदाच्या मांडीवर पेंगत होती आणि शेजारी जमिनीवर टेपरेकॉर्डर चालू होता.

टेपरेकॉर्डर पुण्याच्या आजीसाठी. परदेशातून फोन करणं खिशाला परवडत नसे, म्हणून ज्ञानदा नातीचे हुंकार, उचक्या, रडणं असं सगळं कॅसेटवर भरून आईला पाठवत असे. आणि गुरुवारी काहीही भरायचं म्हटलं की मागे घंटा आल्याच. "बाळ कमी आणि देऊळच जास्त ऐकू येतं गं," अशी आईची तक्रारही होऊन गेली होती.

योकोहामाच्या त्या टेकडीवर चर्च आणि त्यांचं भाड्याचं घर यांच्यामध्ये एक जिंगकोचं झाड आणि एक हातभर बोळ, एवढंच काय ते अंतर. वर मनोऱ्यात खऱ्याखुऱ्या, दोर ओढून झुलवायच्या तीन घंटा. दर गुरुवारी सराव. सराव म्हणजे एकच ओळ वाजवायची, चुकायचं, थांबायचं, पुन्हा पहिल्यापासून. बाळाचे डोळे मिटायची वेळ आणि दोर ओढायची वेळ नेमकी एकच. ऐकून ऐकून ज्ञानदाने तिघींना घरातल्या जावांसारखी नावं ठेवली होती. थोरली अकियामा-सान वाजवत. जहाज कंपनीतून निवृत्त झालेला हा म्हातारा गडी, त्यांचा ठोका कधी हलला नाही. मधली पाद्री मोरितांची. ती कायम मागे, घाईत चपला शोधणाऱ्या माणसासारखी. आणि धाकटी युकोची. कोपऱ्यावरच्या कोन्बिनीत, म्हणजे दिवसरात्र उघड्या असणाऱ्या दुकानात काम करणारी ही पोरगी घंटेवरही गिऱ्हाईक खोळंबल्यासारखी धावायची.

त्या संध्याकाळी थोरली म्हणाली ठण्ण. आणि परत येताना म्हणाली ठम्. उशीत तोंड खुपसून बोलल्यासारखं.

ठण्ण. ठम्. ठण्ण. ठम्.

धाकटी मध्येच थांबली. मधली अडखळली आणि गप्प झाली. थोरलीने ओळ पुरी केली. मग मनोऱ्यात कुणीतरी ओरडलं, लाकडी शिडीवर पावलं धडधडली आणि सगळं शांत झालं.

ईश्वरी झोपली होती. ज्ञानदाला, खरं सांगायचं तर, बरंच वाटलं.

शुक्रवारी सकाळी दार वाजलं. खाली राहणाऱ्या घरमालकीण ओकुबो-सान दारात उभ्या होत्या. त्यांच्या हातात कोनफळी रंगाच्या सुती कापडाची घडी होती, तिला काळं वंगण लागलं होतं.

"हे तुमचंच ना?" त्यांनी विचारलं.

ते ज्ञानदाच्या आईच्या साडीचं होतं.

२

ओकुबो-सान आत आल्या, पण बसल्या नाहीत. जपानीत दोन वर्षं धडपडलेल्या ज्ञानदाला एवढं कळलं, की हे कापड थोरल्या घंटेच्या पोटातल्या लोखंडी लोलकाला एका बाजूने बांधलेलं सापडलं. मोरिता-सान शिडीवरून वर गेले, त्यांनीच सोडवलं. मनोऱ्याची किल्ली चर्चच्या स्वयंपाकघरात खिळ्याला असते, कुणीही घेऊ शकतं. आणि असलं कापड अख्ख्या टेकडीवर एकाच गच्चीत वाळत असतं.

"मी नाही केलं, ओकुबो-सान."

"बाळ झोपत नाही म्हणून तुम्ही सरावाची वेळ बदलायला सांगितली होती. मीच निरोप नेला होता."

"सांगितलं होतं. पण म्हणून मनोऱ्यात चढेन मी? बाळाला कुठे ठेवू?"

ओकुबो-सान खिडकीकडे वळल्या. "परवा रविवारी युकोचं लग्न आहे. बाप नाही तिला. उद्या संध्याकाळी ती किमोनो घालून बघायला माझ्याकडे येते आहे, मोरिता-सानही येतील. तेव्हा तुम्ही या. काय ते सांगा. नाहीतर पुढच्या महिन्यात घराचा करार पुढे चालू ठेवणं…" त्यांनी मान किंचित वाकडी केली. "थोडं अवघड आहे."

दोन वर्षांत ज्ञानदा एवढं शिकली होती, की इथे थोडं अवघड म्हणजे आपल्याकडचं चालते व्हा.

संध्याकाळी तिचा नवरा शिरीष बँकेतून आला तेव्हा तिने कापड त्याच्यापुढे टाकलं आणि सगळं सांगितलं. तो बुटाची नाडी सोडायची विसरून दारातच बसून राहिला.

"अरे, बोल ना काहीतरी."

"काय बोलू?"

ज्ञानदाला एक गोष्ट आठवली. महिन्यापूर्वी ईश्वरी तिसऱ्यांदा दचकून उठली, तेव्हा हाच शिरीष जिन्यात, ओकुबो-सानच्या देखत, इंग्रजीत ओरडला होता, "एक दिवस त्या घंटेची जीभ बांधून टाकतो बघ!"

गुरुवारी तो लवकर सुटणार होता. घरी मात्र उशिरा आला होता. खुंटीवरच्या त्याच्या कोटाकडे तिने पाहिलं. कोपरावर पांढरी धूळ होती.

"शिरीष," ती हळूच म्हणाली, "काल संध्याकाळी तू कुठे होतास?"

३

"तुलासुद्धा मीच वाटतो?"

"मला काही वाटत नाही. मी विचारते आहे."

शिरीषने बूट काढले, ईश्वरीला उचललं आणि तिच्या टाळूवर हनुवटी टेकवून म्हणाला, "घर बघत होतो. तू रात्र रात्र जागतेस ते बघवत नाही मला. चार दिवस एजंटांकडे हेलपाटे घालतोय. काल एक जागा आत जाऊन बघितली, रंगकाम चाललं होतं, तिथली धूळ ती. मालक आला, माझं तोंड बघितलं नि म्हणाला, परदेशी माणसांना देत नाही. सगळीकडे तेच ऐकतोय. हे घर गेलं ना ज्ञानदा, तर तुला नि हिला पुण्याला पाठवावं लागेल. मी राहीन बँकेच्या हॉस्टेलवर."

"किती दिवस?"

"पोस्टिंग संपेपर्यंत. दोन वर्षं."

दोन वर्षं म्हणजे ईश्वरी चालायला लागणार, बोलायला लागणार, आणि बाबा म्हणजे कॅसेटमधला आवाज. ज्ञानदा कापड उचलून मोरीत गेली. वंगण काढायला तिने ते नळाखाली धरलं, कड बोटांत घेतली, आणि तिचा हात थांबला.

कडेला हिरव्या दोऱ्याची टीप होती.

"शिरीष! इकडे ये. हे बघ."

"काय बघू?"

"हे वाळत घातलेल्यातलं नाहीच! आईची साडी फाडून मी हिची दुपटी केली, त्यांच्या कडा मुद्दाम मोकळ्या ठेवल्यात. बाळाला शिवण टोचते म्हणून. माझ्या एकाही दुपट्याला टीप नाही. आपल्या गच्चीतून हे कुणी नेलेलं नाही."

"मग हे कुणाचं?"

"एकच तुकडा मी शिवला होता. बेसनाच्या लाडवांचा डबा बांधून द्यायला, रुमालासारखा." तिने नळ बंद केला. "तो मी प्रेस्टनना दिला होता."

"भलतंच काय! प्रेस्टन जुलैत इंग्लंडला गेले."

४

प्रेस्टन म्हणजे उंच, वाकलेला, पांढऱ्या भुवयांचा म्हातारा इंग्रज. तीस वर्षं योकोहामात राहिला, त्यानेच या तिघांना दोर ओढायला शिकवलं. बाळ घरी आल्यावर बिस्किटांचा डबा घेऊन तो जिना चढून आला होता, घंटांच्या आवाजाबद्दल माफी मागायला. ज्ञानदा त्या दिवशी झोपेची भुकेली होती, तिने जरा फटकळपणेच विचारलं होतं, "तुमच्या त्या मोठ्या घंटेला हळू आवाज नाही का हो?"

तो हसला होता. "आहे ना. पण तो तुम्हाला ऐकावा लागू नये, एवढंच म्हणेन."

म्हातारा हट्टी आहे, असं तिने तेव्हा मनाशी म्हटलं होतं. तरी बिस्किटांचा डबा रिकामा परत कसा करायचा, म्हणून तिने लाडू भरले, त्या कापडात बांधून दिले. कापड परत यायचं नव्हतंच. आपण कुठे लाडवाचं फडकं परत मागतो? पण इथे गाठोडं बांधून दिलेला रुमाल परत करायचा असतो. तीस वर्षं राहिलेल्या माणसाला हे माहीत असणारच. मग त्याने ते कुणापाशी तरी ठेवलं असणार. कुणापाशी?

शनिवारी सकाळी ईश्वरीला पाठुंगळी बांधून ज्ञानदा चर्चमध्ये गेली. मोरिता-सान लग्नासाठी खुर्च्या मांडत होते.

"रागावलो नाही मी," ते घाईघाईने म्हणाले. "खरं सांगू? माझ्या मनात या घंटा बंद करून कर्ण्यावर टेप लावायची आहे. शेजाऱ्यांची बोलणी मलाच खावी लागतात. पण प्रेस्टन-साननी ऐकलं नसतं."

"त्यांचं सामान कुणाकडे आहे इथे?"

"सगळं नेलं. हातमोजे, चिंध्या, दोराचं तेल अशी वाजवायची पिशवी असायची त्यांची. ती कुठे गेली, देव जाणे."

हा माणूस घंटा बंद करू पाहत होता. म्हणजे कारण होतं. पण जो आपणच कापड बांधेल, तो आपणच ते ओरडत सोडवायला कशाला धावेल?

कोन्बिनीत युको कॅश काउंटरवर होती. गालांवर लग्नाची लाली.

"तुमच्याबद्दल कुणी काही म्हणो, माझा विश्वास नाही," ती ईश्वरीच्या गालाला बोट लावत म्हणाली. "आणि उद्या घंटा मोकळी वाजणार. प्रेस्टन-सान इंग्लंडहून फोन करणार आहेत! रिसीव्हर खिडकीत धरायचा, म्हणजे त्यांना ऐकू जाईल. बाबा गेल्यापासून तेच माझे बाबा."

"आजारी होते ना ते?"

"बरे आहेत आता. अकियामा-सानच सांगत होते." ती हसली. "माझ्यापेक्षा तेच गोंधळलेत. गुरुवारी दुपारी इथे टाय घ्यायला आले. लग्नाला पांढरा टाय लागतो, हे लहान मुलालाही कळतं. आणि हे गृहस्थ काळा घेऊन उभे! मी म्हटलं, अहो, माझं लग्न आहे, अंत्ययात्रा नाही. तेव्हा भानावर आले आणि बदलून घेतला."

ज्ञानदा हसली नाही.

५

घरी येऊन तिने कॅसेट मागे फिरवली.

आधी ईश्वरीचा हुंकार. मग घंटा. ठण्ण, ठम्. ज्ञानदाने डोळे मिटले. सात महिने जो आवाज तिने दात-ओठ खात ऐकला होता, तो आता ती लहान मुलाची छाती ऐकावी तसा ऐकत होती. धाकटी थांबली, दचकली. मधली अडखळली, तीही दचकली. आणि थोरली? आपल्याच घंटेच्या तोंडून भलताच आवाज येतोय, आणि माणूस थांबत नाही? बघत नाही? शांतपणे ओळ पुरी करतो?

ज्याला तो आवाज येणार हे ठाऊक होतं, तोच माणूस थांबणार नाही.

शिवाय कापड एकाच बाजूला बांधलेलं. घंटा बंद पाडायची असती तर लोलक पूर्ण गुंडाळला असता. हिचा एक टोला मोकळा ठेवला होता, एक झाकला होता. हे तोंड दाबणं नव्हतं. हे मुद्दाम बोलायला लावणं होतं.

आहे ना हळू आवाज. पण तो तुम्हाला ऐकावा लागू नये.



अकियामा-सान अंगणात जिंगकोची पिवळी पानं झाडत होते. ज्ञानदा समोर जाऊन उभी राहिली आणि इंग्रजीत म्हणाली, "प्रेस्टन-सान कधी गेले?"

झाडू थांबला. 

"मंगळवारी," ते म्हणाले. "बुधवारी त्यांच्या बायकोचा फोन आला. जाताना बजावून गेले म्हणे, युकोला लग्न होईपर्यंत कळू देऊ नका. कळलं तर ती लग्न पुढे ढकलेल."

"आणि घंटा?"

"त्यांच्या गावची रीत आहे. घंटा वाजवणारा गेला, की लोलकाच्या एका बाजूला कातडं बांधतात. एक टोला माणूस होता म्हणून, दुसरा आता नाही म्हणून. फक्त मलाच सांगितली होती. युकोला म्हणायचे, वेळ येईल तेव्हा शिकवीन." त्यांनी झाडू झाडाला टेकवला. "तीस वर्षं माझ्यासमोर दोर धरून उभा होता हा माणूस. गुरुवारी काहीच झालं नाही असं दाखवून मला थोरली वाजवता येईना. सरावच आहे, पोरांना वाटेल घंटा बिघडली, असं वाटलं. कातडं नव्हतं. माझ्याकडे ठेवून गेलेल्या त्यांच्या पिशवीत एक मऊ कापड होतं, नीट घडी केलेलं. त्यांचंच असेल म्हणून…"

"ते माझ्या आईच्या साडीचं आहे. मीच त्यांना लाडू बांधून दिले होते."

म्हाताऱ्याने मान वर केली. "म्हणजे मोरिता-सान आणि ओकुबो-सान यांना वाटतंय…"

"मीच बांधलं, असं वाटतंय. मला घर सोडावं लागेल."

अकियामा-सान कमरेतून इतके खाली वाकले, की ज्ञानदाला त्यांच्या टोपीचं टोक तेवढं दिसत राहिलं. "आत्ता. आत्ता जाऊन सांगतो."

६

ओकुबो-सानच्या खोलीत दिवे लागले होते. ज्ञानदा ईश्वरीला कडेवर घेऊन आत शिरली, मागे शिरीष, त्यामागे अकियामा-सान. मोरिता-सान आधीच बसले होते. आणि खोलीच्या मध्यभागी, पांढऱ्याशुभ्र किमोनोत, दोन्ही हात लांब करून युको उभी होती. ओकुबो-सान तिच्या कमरेचा पट्टा आवळत होत्या.

"श्वास सोडू नकोस," त्या दटावत होत्या. "उद्या प्रेस्टन-सान फोनवर काय विचारतील? पट्टा नीट बसला का, हेच."

"ते असलं काही विचारत नाहीत. जेवलीस का, एवढंच विचारतात."

सगळे हसले. एक अकियामा-सान सोडून.

ओकुबो-सान ज्ञानदाकडे वळल्या. हसू मावळलं. "बोला. कापडाचं काय ते सांगा."

अकियामा-सान पुढे झाले. त्यांनी तोंड उघडलं आणि युकोकडे पाहिलं. त्यांचे ओठ हलले, आवाज फुटेना. त्या पांढऱ्या किमोनोसमोर तो शब्द कसा काढायचा?

ओकुबो-सानना एकट्यांना बाजूला घेऊन सांगता आलं असतं. पण उद्या पहाटे युकोला नटवणारे हात त्यांचेच होते. ते हात थरथरले असते, की युकोने विचारलंच असतं.

ज्ञानदाने ईश्वरीला शिरीषकडे दिलं आणि धुतलेलं कापड ओकुबो-सानपुढे ठेवलं. टीप दाखवायची, कॅसेट लावायची, की ती सुटली. पण मग कापड कुणी बांधलं आणि का, ते या मुलीला लग्नाच्या आदल्या दिवशी कळलं असतं.

"कापड माझंच आहे," ती म्हणाली. "चूक झाली. उद्या घंटा मोकळी वाजेल. मला माफ करा."

"अगं, काय बोलते आहेस?" शिरीष मराठीत उसळला. "हिरवी टीप, त्याचं काय?"

"गप्प बैस ना. सांगते नंतर."

ज्ञानदाने अकियामा-सानना नजरेनेच थांबवलं. एकटी युको पुढे आली, जड किमोनो सावरत, आणि तिने ज्ञानदाचा हात धरला. "बाळ लहान आहे. माझी आईसुद्धा असंच काहीतरी करून बसली असती."

"करारासंबंधी," ओकुबो-सान कोरडेपणाने म्हणाल्या, "सोमवारी बोलू."

७

रविवारी तिन्ही घंटा मोकळ्या वाजल्या. चर्चच्या स्वयंपाकघरात इंग्लंडचा फोन आला. प्रेस्टनच्या बायकोने सांगितलं, ते झोपलेत, उठवत नाही. युकोने रिसीव्हर तरीही खिडकीत धरला. "झोपेत ऐकतील," म्हणाली. गच्चीतून हे बघताना ज्ञानदाने ईश्वरीच्या झबल्यात तोंड लपवलं.

शिरीष रात्रभर सुटकेसकडे बघत होता. सगळं कळल्यावर तो एवढंच म्हणाला होता, "मलाही तेच करावंसं वाटलं असतं. पण माझ्याच्याने करवलं नसतं."

सोमवारी संध्याकाळी, सरावाचा वार नसताना, मनोऱ्यात पावलं वाजली.

ठण्ण.

ज्ञानदा भाजी चिरता चिरता थांबली.

ठम्.

आणि त्यामागे मधली. ठण्ण. ठम्. त्यामागे धाकटी. तिघीही, एक टोला होता म्हणून, एक नाही म्हणून. मधली आज मागे नव्हती. धाकटी आज धावत नव्हती. एकदा तिचा ठोका थरथरला, मोडेल असं वाटलं, पण थांबली नाही.

दार वाजलं. ओकुबो-सान उभ्या होत्या. डोळे सुजलेले. आज त्या आत आल्या आणि न विचारता खाली बसल्या.

"अकियामा-साननी दुपारी सांगितलं. आधी युकोला, मग आम्हाला." त्या थोडा वेळ घंटा ऐकत राहिल्या. "तुम्ही आज घर सोडून गेला असतात, तरी बोलला नसतात?"

"आज बोलले असते," ज्ञानदा म्हणाली. "सोमवार आहे ना."

ओकुबो-सानच्या तोंडून हसू आणि हुंदका एकदमच फुटला. त्यांनी बाहीतून करारावर सहीऐवजी मारायच्या शिक्क्याची डबी काढून चटईवर ठेवली. "कागद काढा तुमचे. कापड मात्र मी परत आणलं नाही. अकियामा-साननी थोरलीला बांधायला पुन्हा तेच नेलं. धुऊन, इस्त्री करून देते."

"राहू दे तिथेच. आमच्याकडे नाही परत घेत."

ईश्वरी जागी होऊन पाळण्यात डोळे उघडे ठेवून पडली होती. मोठ्या टोल्याला तिच्या पापण्या हलायच्या आणि मग ती थांबायची, कान देऊन, पुढचा हळू आवाज येईपर्यंत.

ज्ञानदाने टेपरेकॉर्डर खिडकीपाशी नेला आणि बटण दाबलं.

"आई," ती टोल्यांच्या मधल्या फटीत हळूच म्हणाली, "आज बाळ नाही भरत. ही घंटाच ऐक. हिच्यात तुझी साडी आहे."